बोटांना कळेल असे अक्षर

लुई ब्रेल हे नाव बहुतेकांना शाळेत एखाद्या परिच्छेदात भेटते. लहानपणी दृष्टी गेली, मोठेपणी सहा टिंबांची लिपी शोधली, अंधांचे कल्याण झाले. परिच्छेद संपला, खाली प्रश्न. पुढे आयुष्यात त्याची गाठ पडते ती लिफ्टच्या बटणांवर, किंवा भारत सरकारने त्याच्या जन्माच्या द्विशताब्दीनिमित्त २००९ साली काढलेल्या दोन रुपयांच्या नाण्यावर. ते नाणे आपल्यापैकी कित्येकांच्या खिशातून गेले असेल; त्यावरचा चेहरा कोणाचा, हे किती जणांनी पाहिले असेल, कोण जाणे.

या माणसाचे काम किती ताजे आहे हे पाहायचे तर एखाद्या अंध संगणक-प्रोग्रामरच्या टेबलापाशी जावे. कळफलकाच्या पुढ्यात एक लांबट पट्टी ठेवलेली असते. तिच्यात ओळीने खण आणि प्रत्येक खणात बारीक खुंट्या. पडद्यावर जी ओळ असेल ती त्या खुंट्यांच्या रूपाने बोटांखाली उगवते. ओळ बदलली की जुन्या खुंट्या खाली बसतात, नव्या वर येतात. पण पडद्यावरची ओळ पट्टीपर्यंत पोचवणे वाटते तितके सरळ काम नाही. ते करताना आजचे हुशार लोक जी चूक वारंवार करतात, तीच चूक पॅरिसमधल्या एका अत्यंत सज्जन गृहस्थाने दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी केली होती. ती एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या बोटांनी पकडली. गोष्ट तिथून सांगितली पाहिजे.

पॅरिसच्या पूर्वेला चाळीसेक किलोमीटरवर कूव्रे नावाचे गाव आहे. तिथे सिमों-रने ब्रेल हा खोगिरे आणि घोड्यांचे साज बनवणारा कारागीर राहत असे. हातात कसब, पंचक्रोशीत नाव, थोडीशी शेती. ४ जानेवारी १८०९ रोजी त्याला चौथे अपत्य झाले, तो लुई. शेंडेफळ म्हणून लाडका. १८१२ साली, तीन वर्षांचा असताना, बापाचे लक्ष नाही असे पाहून पोरगा कामाच्या टेबलाशी गेला आणि चामड्याला भोक पाडायची आरी घेऊन खेळू लागला. (काही जण आरीऐवजी सुरी म्हणतात.) हत्यार निसटले आणि डोळ्यात घुसले. घरगुती औषधपाणी झाले. पण जखम चिघळली आणि विकार दुसऱ्या डोळ्यात उतरला. जंतुसंसर्ग म्हणजे काय, हे ठाऊक असण्याचा तो काळच नव्हता. पाचव्या वर्षी दोन्ही डोळे गेले.

गरिबाघरच्या अंध मुलाचे भवितव्य तेव्हा ठरलेले असे. चर्चच्या पायरीवर नाहीतर जत्रेत हात पसरायचा. सिमों-रने आणि मोनिक या आईबापांचे मोठेपण असे, की त्यांनी हे ठरलेले भवितव्य मानलेच नाही. बापाने पोराला काठ्या करून दिल्या. लाकडाच्या फळीवर खिळे ठोकून अक्षरांचे आकार बोटांनी शिकवले, असेही सांगतात. गावचे धर्मगुरू पालुई यांनी घरी बोलावून शिकवले आणि गावच्या शाळामास्तरांना गळ घालून इतर मुलांबरोबर बसवले. नुसत्या कानांवर भिस्त ठेवून हा मुलगा वर्गात पुढे राहू लागला. पण वाचता येत नाही आणि लिहिता येत नाही, अशा विद्यार्थ्याला शाळा किती काळ पुरणार? पालुईंनी खटपट करून पॅरिसच्या राजकीय अंधशाळेत शिष्यवृत्ती मिळवली आणि फेब्रुवारी १८१९ मध्ये दहा वर्षांचा लुई बापाचे बोट धरून पॅरिसला आला.

ही शाळा १७८५ च्या सुमारास व्हॅलेंतिन आउई यांनी काढली होती. अंध मुलांसाठीची ही जगातली पहिलीच शाळा. आउईंची कथा हृद्य आहे. १७७१ साली पॅरिसच्या एका जत्रेत त्यांनी अंध भिकाऱ्यांचा वाद्यवृंद पाहिला. त्यांच्या डोक्यावर विदूषकी टोप्या घातल्या होत्या, डोळ्यांवर पुठ्ठ्याचे चष्मे चढवले होते, समोर उलटीसुलटी स्वरलिपीची पाने लावली होती आणि भोवतालची गर्दी पोट धरून हसत होती. या माणसांना खरोखर वाचायला शिकवायचे, असा निश्चय आउईंनी तिथे केला. ओल्या जाड कागदावर मोठी अक्षरे दाबून ती उलट बाजूने उठावदार करायची, मग मुले बोटांनी ती चाचपून वाचतील, ही त्यांची युक्ती.

मुले वाचू लागलीही. पण कशी? आपली छापील अक्षरे डोळ्यांच्या सोयीने घडलेली. त्यांतले फरक डोळ्याला क्षणात दिसतात, बोटाला मात्र प्रत्येक वळण चाचपावे लागते. पानावर मोजक्या ओळी मावत, पुस्तके अवजड होत, आणि वाक्य संपेतो त्याची सुरुवात विसरायची वेळ येई. याहून मोठी अडचण म्हणजे या पद्धतीने मुलांना स्वतः काही लिहिता येत नव्हते. छापखाना डोळसांच्या हाती. कोणी छापून देईल तेवढेच वाचायचे. आउईंच्या हेतूबद्दल शंका घेणे कृतघ्नपणाचे होईल. पण त्यांनी डोळसांचेच पान उचलून अंधांच्या बोटांखाली ठेवले, हे मात्र खरे.

१८२१ साली शार्ल बार्बिए हे निवृत्त तोफखाना अधिकारी आपली एक लिपी घेऊन शाळेत आले. सैनिकांना अंधारात वाचता यावे म्हणून त्यांनी ती नेपोलियनसाठी केली, अशी कथा सर्वत्र आढळते. पण अलीकडच्या संशोधनाने या कथेचा पाया फारसा भक्कम नसल्याचे दाखवले आहे. शिक्षणाला वंचित असलेल्यांना सहज लिहिता यावे, ही बार्बिएंची मूळ तळमळ होती. त्यांच्या लिपीत अक्षराचा आकारच नव्हता. होती ती फक्त टिंबे, दोन उभ्या रांगांत, जास्तीत जास्त बारा. खाचांची पट्टी आणि टोकदार टोचणी घेतली की कोणीही कागदावर ती उमटवू शकत असे. ही साधने बार्बिएंचीच देणगी आणि तिचे श्रेय त्यांना क्वचितच दिले जाते.

लुई तेव्हा बारा वर्षांचा. टिंब बोटाला रेषेपेक्षा चांगले कळते, हे त्याने लगेच हेरले. तितक्याच लवकर त्याला दोषही दिसले. बारा टिंबांचा मनोरा बोटाच्या टोकाखाली मावत नाही. बोट वरखाली फिरवावे लागते. शिवाय ही लिपी उच्चारांची होती. तिच्यात शुद्धलेखन नाही, विरामचिन्हे नाहीत, अंक नाहीत, संगीताची स्वरलिपी नाही. म्हणजे अंधांना कामचलाऊ लेखन पुरे, अशी तिची मर्यादा. लुईला कामचलाऊ नको होते. रात्री वसतिगृहात, सुटीत कूव्रेला, तो कागद टोचत राहिला. १८२४ च्या सुमारास, पंधराव्या वर्षी, त्याची लिपी बहुतांशी तयार झाली होती.

तिची रचना एकदा नीट पाहण्याजोगी आहे. दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत तीन टिंबे. एवढा चौकोन बोटाच्या टोकाखाली एका स्पर्शात मावतो. सहा टिंबांपैकी कोणती उठवायची आणि कोणती नाही, याच्या ६३ जोडण्या होतात. पहिली दहा अक्षरे वरच्या चारच टिंबांत बसवली. पुढच्या दहांसाठी तीच चिन्हे घेऊन खाली डावीकडे एक टिंब वाढवले. त्यापुढच्यांसाठी उजवीकडचेही वाढवले. त्याच पहिल्या दहा अक्षरांआधी एक खूण टाकली की ती अंक होतात. म्हणजे दहा चिन्हे पाठ झाली की बाकीची जवळजवळ फुकट मिळतात. अक्षराच्या छापील आकाराशी यातल्या कशाचाही संबंध नाही. अक्षराचे रूप त्याने सोडून दिले आणि ओळख तेवढी ठेवली. सोबत संगीतासाठीही चिन्हे बसवली, कारण लुई स्वतः उत्तम वादक होता. पुढे तो पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे.

१८२९ साली त्याने ही पद्धत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. ते पुस्तक छापले होते आउईंच्या उठावदार अक्षरांत, कारण नवी लिपी वाचणारे शाळेबाहेर होते कुठे? पहिल्या आवृत्तीत टिंबांबरोबर लहान रेघाही होत्या. त्या नीट जमत नाहीत असे दिसल्यावर १८३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने त्या काढून टाकल्या. दरम्यान १८३३ साली तो त्याच शाळेत पूर्णवेळ शिक्षक झाला होता.

मुलांनी लिपी उचलली, पण संस्थेने उचलली नाही. सहानुभूती असलेले संचालक पिन्ये यांना १८४० मध्ये जावे लागले आणि त्यांच्या जागी आलेल्या द्यूफो यांनी ब्रेलच्या लिपीला वर्गात थारा दिला नाही. जुनी पुस्तके जाळली गेली, मुले चोरून मिळेल त्या अणकुचीदार वस्तूने टिंबे टोचत राहिली, असे सांगतात. चरित्रांतून द्यूफो खलनायक म्हणून रंगवले जातात. पण त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. अंधांची लिपी वेगळी झाली तर ती डोळस आईबापांना वाचता येणार नाही, शेजाऱ्याला येणार नाही. मग अंध माणूस समाजापासून आणखीच तुटेल, असे ते म्हणत. त्यांना उत्तर म्हणून उठावदार अक्षरांकडे परत जाणे चूक होते, एवढेच.

या मुद्द्याचे खरे उत्तर खुद्द ब्रेलनेच शोधले होते, आणि त्याच्या चरित्रातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच. १८३९ साली त्याने आणखी एक पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात दहा टिंबांच्या उंचीच्या चौकटीत नेहमीच्या अक्षराचा आकार टिंबांनी उभा करायचा. कोणते टिंब कुठे, याचे आकडे अंध माणसाने पाठ करायचे. तो टोचून पत्र लिहील आणि घरची आई ते डोळ्यांनी वाचील. काम किचकट होते. म्हणून पिएर फुको या अंध यंत्रज्ञ मित्राने १८४१ च्या सुमारास त्यासाठी दहा दट्ट्यांचे यंत्र बनवले. बाजारात टाइपरायटर येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. रेल्वेच्या आरक्षणाच्या याद्या आणि विजेची बिले करकरत छापणारे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आपण सर्वांनी पाहिले आहेत. टिंबांतून अक्षर उभे करण्याची कल्पना तीच. ब्रेलने अशी दोन्ही बाजूंनी वाट करून दिली. अंधाने वाचायचे ते बोटाच्या सोयीने, डोळसाला लिहायचे ते डोळ्याच्या सोयीने.

आता त्या प्रोग्रामरच्या टेबलाकडे पुन्हा पाहू. आपल्या संगणकावर चित्रे आणि रंगीबेरंगी खिडक्या असतात. प्रोग्रामर मंडळी मात्र अजूनही बरेचसे काम एका साध्या खिडकीत करतात. तिथे नुसती अक्षरे. आज्ञा टाइप करायची, उत्तर ओळींतून येते. पूर्वी यासाठी टर्मिनल नावाचे स्वतंत्र यंत्र असे. १९७८ सालचे व्हीटी-१०० हे त्यांतले गाजलेले. त्याच्या पडद्यावर २४ ओळी आणि एका ओळीत ८० अक्षरे. आजची खिडकी ही त्या यंत्राची नक्कल, आणि ती वठवणाऱ्या प्रोग्रामला टर्मिनल एम्युलेटर म्हणतात. सगळा मामला अक्षरांचा असल्यामुळे अंध प्रोग्रामरांना हे काम मानवते. ८० खणांची ब्रेल पट्टी असली तर पडद्याची बरोबर एक ओळ बोटांखाली येते.

मग घोडे अडते कुठे? पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या किंवा पट्टीवर पाठवणाऱ्या प्रोग्रामला स्क्रीन रीडर म्हणतात. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणांनी सुरू केलेला एनव्हीडीए हा त्यांतला मोफत मिळणारा प्रसिद्ध रीडर. त्याला अक्षरे हवी असतात. पण कित्येक टर्मिनल एम्युलेटर वेगासाठी अक्षरांची चित्रे काढून ती थेट काचेवर रंगवतात. डोळ्याला ओळ स्वच्छ दिसते. रीडरच्या लेखी तिथे कोरी पाटी. आउईंनी डोळ्यांसाठीचे अक्षर बोटांना दिले होते. इथे अक्षर नाहीच, त्याचा फोटो आहे.

हे सुधारायचे तर एम्युलेटर लिहिणाऱ्याने पडद्यामागून रीडरला सांगितले पाहिजे, की मजकूर हा असा आहे, कर्सर या अक्षरावर आहे, एवढ्या ओळी आत्ता नव्या आल्या. एवढ्याने भागत नाही. टाइप केलेले अक्षर रीडर एकदा कळ दाबताना बोलणार आणि तेच पडद्यावर उमटले की पुन्हा बोलणार. ऐकणाऱ्याने वेड लागायचे. दर सेकंदाला पुढे सरकणारी टक्केवारी बोलत बसला तर मूळ काम बाजूला. पासवर्ड मुद्दामच पडद्यावर उमटत नाही. तो रीडरने खोलीभर मोठ्याने उच्चारला तर काय घ्यायचे? काय बोलायचे याइतकेच काय बोलायचे नाही हे ठरवावे लागते, आणि ते डोळे मिटून ऐकत बसल्याशिवाय ठरत नाही. बार्बिएंची बारा टिंबे कागदावर सुबक दिसत होती. ती बोटाखाली मावत नाहीत, हे सांगायला लुईचे बोट लागले.

या क्षेत्रात एक नाव आपल्या मुलखाशी जोडलेले आहे. टी. व्ही. रामन हे पुण्यात वाढले, शाळकरी वयात काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली, तिथल्या वाडिया महाविद्यालयात गणित शिकून ते आयआयटी मुंबईत आणि पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले. १९९५ साली त्यांनी ईमॅक्स या प्रोग्रामला वाचा देणारा ईमॅकस्पीक प्रसिद्ध केला. पडदा वाचूच नका, हा त्यांचा विचार. पडद्यावर महिन्याचे कॅलेंडर असते तेव्हा डोळ्याला रकाने दिसतात आणि वार आपोआप कळतो. रीडर मात्र एक, दोन, तीन, चार असे आकडे म्हणत सुटतो. रामन यांच्या पद्धतीत ज्या प्रोग्रामला त्या आकड्याचा अर्थ ठाऊक आहे तोच बोलतो आणि वार, तारीख, महिना, वर्ष असे पूर्ण सांगतो. पंधरा वर्षांच्या लुईने बोटांसाठी जे केले त्याच जातीचे हे कानांसाठीचे काम आहे.

कूव्रेच्या त्या मुलाला या सगळ्याची कल्पना असणे शक्य नव्हते. पण त्याची सहा टिंबे संगणकाला आयती मानवली. टिंब उठलेले किंवा बसलेले, तिसरी अवस्था नाही. संगणकही अशाच होय-नाहीच्या भाषेत मोजतो. सहाची आठ टिंबे केली की २५६ जोडण्या होतात, आणि संगणकाच्या एका बाइटमध्येही तेवढ्याच. आजच्या पट्टीच्या खणात आठ खुंट्या असतात त्या याचमुळे.

इकडे पॅरिसमध्ये द्यूफोंचे मन वळवले त्यांचे सहकारी ग्वादे यांनी. लिपीवर बंदी असूनही मुले तिलाच धरून आहेत, हे त्यांनी पाहिले होते. शाळेची जुनी इमारत ओलसर, कोंदट होती. १८४३ मध्ये शाळा नव्या प्रशस्त वास्तूत गेली आणि फेब्रुवारी १८४४ मध्ये तिच्या उद्घाटनाला जाहीरपणे ब्रेल लिपीचे गुणगान झाले, मुलांनी पाहुण्यांसमोर लिहून-वाचून दाखवले. लुई हजर होता. पण तोवर क्षयाने त्याला पोखरले होते. वयाच्या पंचविशी-सव्विशीपासून तो आजार त्याच्या पाठीस लागला होता आणि त्या जुन्या इमारतीतच तो जडला असावा असे मानतात. तुटपुंज्या पगारातून त्याने अनेकांना उसने पैसे दिले होते. आपल्या पश्चात एक लहान पेटी न उघडता जाळावी, असे त्याने सांगून ठेवले होते; ती उघडली तर आत कर्जदारांच्या चिठ्ठ्या निघाल्या, अशी आठवण सांगतात. ६ जानेवारी १८५२ रोजी, त्रेचाळिसावा वाढदिवस होऊन दोन दिवस झाले असताना, तो गेला. पॅरिसच्या वृत्तपत्रांनी दखल घेतली नाही.

दोन वर्षांनी, १८५४ मध्ये, त्याच्याच शाळेने त्याची लिपी अधिकृतपणे स्वीकारली. १८७८ मध्ये पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तिला कौल दिला. भारतात निरनिराळ्या शाळांतून निरनिराळ्या जोडण्या चालत. १९४९ साली आपल्या सरकारने युनेस्कोकडे मदत मागितली आणि १९५१ मध्ये साऱ्या भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ठरली. तिच्यात मराठीचा क लुईच्या के अक्षराच्याच टिंबांनी लिहितात, ल एलच्या आणि म एमच्या. एक गंमत आहे. आपण ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी काढतो, उच्चारतो मात्र नंतर. ब्रेलमध्ये आधी क येतो, मग इ. कानाला जसे ऐकू येते तसे.

१९५२ साली, मृत्यूला शंभर वर्षे झाल्यावर, फ्रान्सने लुई ब्रेलचे अवशेष कूव्रेच्या दफनभूमीतून समारंभाने पॅरिसच्या पँथिऑनमध्ये नेले. व्होल्तेर, रूसो, व्हिक्टर ह्यूगो जिथे विसावले आहेत ती ही जागा. गावाने सगळे देऊ केले, हात मात्र दिले नाहीत. ते कूव्रेलाच, त्याच्या जुन्या थडग्यावरच्या एका लहान कुंभात आहेत.